बेळगावकडे एम.एस्सी. करून मेनी-बॉडी सॉलिड स्टेट फिजिक्समध्ये (घन पदार्थातल्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित वागण्याच्या अभ्यासात) पीएच.डी. करता येते का? त्याआधी फील्ड थिअरी (कणांना क्षेत्रांच्या रूपात मांडणारा क्वांटम सिद्धान्त) पूर्ण शिकावी लागते का?

फील्ड थिअरी आधी पूर्ण करण्याची गरज नाही. आपल्या भागातल्या मुलांना हा विषय झेपेल का, ही शंका मात्र मला मुळातच मान्य नाही, आणि ती कुठून येते हे ठाऊक असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मी सांगितले की मला इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियांच्या सिद्धान्तावर काम करायचे आहे. त्यांनी वर्गासमोर सुनावले की तुमच्यासारख्यांनी थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) कराव्यात, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणे) काढावी आणि दोन पेपर छापावेत. सिद्धान्त करायचाच असेल तर तो कणभौतिकीचा, कारण घन पदार्थांत मूलभूत असे काही उरलेले नाही. तो अपमान माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

त्या पावसाळ्यात घरी बसून मी हबर्ड मॉडेलचा (घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांची उडी आणि प्रतिकर्षण यांचे साधे गणिती चित्र) सर्वांत लहान नमुना हाताने सोडवला: शेजारी शेजारी दोन अणू, विरुद्ध स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा अंगभूत चुंबकी गुण) दोन इलेक्ट्रॉन, एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारण्याचे प्रमाण टी आणि दोघे एकाच अणूवर आले तर पडणारा ऊर्जेचा भुर्दंड यू. चार अवस्था, म्हणून चार बाय चारचे मॅट्रिक्स. त्यात इलेक्ट्रॉन निर्माण व नष्ट करणाऱ्या ऑपरेटरांचा क्रम बदलताना येणारे उणे चिन्ह जिथल्या तिथे ठेवले नाही, तर सिंगलेट (एकूण स्पिन शून्य असलेली अवस्था) आणि ट्रिपलेट (एकूण स्पिन एक असलेली) यांची अदलाबदल होते आणि पुढचे सगळे उलटे येते. चिन्हे नीट सांभाळली की, यू मोठा असताना, सिंगलेटची ऊर्जा ट्रिपलेटपेक्षा सुमारे चार टी-वर्ग भागिले यू इतकी खाली येते. मॉडेलमध्ये चुंबकत्वाचे एकही पद घातलेले नसताना, केवळ प्रतिकर्षण आणि उडी यांतून शेजारचे स्पिन परस्परविरोधी होतात, हे स्वतःच्या हाताने निघालेले पाहून या विषयावर माझा जीव जडला तो कायमचा.

पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत मला विचारले गेले की निकेल ऑक्साइड इन्सुलेटर का आहे. त्याचा डी-पट्टा (निकेलच्या डी-इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जांचा पट्टा) अर्धवट भरलेला असल्यामुळे, इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण बाजूला ठेवणाऱ्या साध्या पट्टा-सिद्धान्तानुसार तो वाहक असायला हवा. ही विसंगती डी बूर आणि व्हर्वे यांनी १९३७ मध्येच मांडली होती. मी फळ्यावर तेच दोन अणू काढले आणि यू मोठा झाला की इलेक्ट्रॉन जागच्या जागी कसे अडकतात ते दाखवले. माझे गाव किंवा माध्यम तिथे कोणीही विचारले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आधी सेकंड क्वांटायझेशन (वर सांगितलेल्या ऑपरेटरांची भाषा) हातात बसवावे, मग चार अणूंचा हबर्ड संगणकावर सोडवावा. त्याच्या २५६ अवस्था होतात आणि दहा अणूंच्या दहा लाखांवर जातात, यावरूनच लँडाऊच्या फर्मी लिक्विडसारख्या (परस्परक्रिया असलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ मुक्त कणांसारखे मानणे) कल्पनांची आणि ग्रीन्स फंक्शनची (एक इलेक्ट्रॉन बाकीच्यांतून कसा जातो हे सांगणारे फलन) गरज कळते. फाइनमन आकृत्या (अशी गणिते चित्रांत मांडण्याची रीत) त्या ओघात येतातच. सापेक्षतावादी फील्ड थिअरी नंतर वाचली तरी चालते.

कणभौतिकी वरच्या पायरीवर आणि आपण खालच्या, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नये. कणभौतिकीतले नाम्बू यांना उत्स्फूर्त सममितीभंगाची (नियम सममित असूनही प्रत्यक्ष अवस्था तशी नसण्याची) कल्पना अतिवाहकतेच्या (विद्युतरोध शून्य होण्याच्या) १९५७ च्या बीसीएस सिद्धान्ताच्या अभ्यासातून सुचली, आणि अतिवाहकाच्या आत फोटॉन वस्तुमान असल्यासारखा वागतो हे अँडरसन यांनी १९६३ मध्ये, म्हणजे कणांच्या वस्तुमानाबद्दलच्या हिग्ज यांच्या निबंधांच्या आदल्या वर्षी, मांडले होते.

अर्थात नेट, गेट किंवा जेस्ट यांसारख्या प्रवेश परीक्षांतून सुटका नाही, आणि टीआयएफआर, आयआयएससी किंवा जेएनसीएएसआर यांसारख्या संशोधन संस्थांत अर्ज करताना संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोणत्या प्रश्नावर काम करतात हे पाहावे. थिन फिल्म करणाऱ्यांनाही मी कमी लेखत नाही. माझा राग तो पर्याय लादण्यावर आहे. बेडनोर्त्स आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये प्रयोगशाळेत तांब्याच्या ऑक्साइडमध्ये जी उच्च तापमानाची अतिवाहकता शोधली, तिचे सर्वमान्य स्पष्टीकरण सिद्धान्ताला अजूनही देता आलेले नाही. घन पदार्थांत मूलभूत काही उरलेले नाही असे सांगणाऱ्या त्या सरांनी आधी याचे उत्तर द्यावे.