वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर ग्लीसन ३+३ आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. हे बरोबर आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ६७, पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) ६.८, बायोप्सीच्या १२ पैकी २ तुकड्यांत ग्लीसन ३+३ (कॅन्सरचा सर्वात सौम्य ग्रेड), बोटाने तपासल्यावर गाठ लागत नाही. एवढ्यावरून डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. तरी मी लगेच ‘हो’ म्हणणार नाही. बारा सुयांनी प्रोस्टेटचा अगदी थोडा भाग हाती येतो आणि पुढच्या बाजूची गाठ बरेचदा निसटते. त्यामुळे रिपोर्ट खरा असूनही अपुरा असू शकतो.

आधी एक भागाकार करा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचं आकारमान असतं, त्याने पीएसएला भागायचं. ४८ मिली असेल तर ०.१४ येतं, ३२ असेल तर ०.२१. आकडा ०.१५ च्या वर गेला की आत जास्त ग्रेडचा कॅन्सर दडल्याची शंका वाढते. वडिलांना लघवीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू आहे का, तेही बघा (टॅम्सुलोसिनबरोबरच्या एकत्र गोळीत ड्युटास्टेराइड असतं आणि घरच्यांच्या ते लक्षातच येत नाही). सहा महिने ही गोळी घेतली की पीएसए साधारण निम्मं दिसतं. म्हणजे ६.८ चे १३.६ धरावे लागतील, आणि मग कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी पीएसए १० च्या आत हवं, हा निकषच मोडतो. उलट, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर पीएसए उगाच वाढलेलं येतं.

बायोप्सीआधी एमआरआय झाला नसेल तर आता करून घ्या, पण बायोप्सीनंतर सहा-आठ आठवडे जाऊ द्या. आत साचलेल्या रक्तामुळे चित्र फसवं येतं. पाय-रॅड्स (एमआरआयमधला डाग किती संशयास्पद आहे याची १ ते ५ ची मोजपट्टी) ४ किंवा ५ चा डाग दिसला, तर नेमक्या त्या जागेची बायोप्सी झाल्याशिवाय काही ठरवू नका. एमआरआय स्वच्छ आला तरी पुढची बायोप्सी टळत नाही.

बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) प्रोस्टेटच्या बायोप्सी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. ३+४ (एक पायरी वरचा ग्रेड) निघालं तर त्यात ४ चा नमुना किती टक्के आहे ते विचारा. १० टक्क्यांच्या आत असेल तर अजूनही लक्ष ठेवण्याचा विचार होऊ शकतो. ‘क्रिब्रिफॉर्म’ किंवा ‘इंट्राडक्टल’ हे शब्द (जास्त आक्रमक कॅन्सरची खूण) आले, तर मात्र नुसतं लक्ष ठेवत थांबण्याचा पर्याय सोडा. घरात स्तनाचा, अंडाशयाचा किंवा कमी वयात प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए२ या जनुकातल्या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्या.

सगळं जुळलं तर दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाने तपासणी, ६ ते १२ महिन्यांत खात्रीची बायोप्सी आणि पुढे दर २ ते ५ वर्षांनी एक. नुसतं पीएसए वाढलं म्हणून ऑपरेशन करत नाहीत, आधी एमआरआय आणि बायोप्सी करतात. ग्रेड वाढला की उपचार.

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात १६४३ पुरुष होते. १५ वर्षांनी कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत (देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन) ३ टक्क्यांच्या आसपासच होते. पण कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, तर ऑपरेशन आणि रेडिएशनच्या गटांत ५ च्या आसपास होतं. म्हणून दोन वर्षं बरं वाटलं की तपासण्या बंद करणाऱ्या माणसासाठी हा मार्ग नाही. वडील त्यातले असतील तर डॉक्टरांना आत्ताच तसं स्पष्ट सांगा.