हँडेल सोपा वाटतो, कारण त्याने निम्मं लिहिलंच नाही

प्रश्न : दोनेक वर्षं बरोक संगीत (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपियन संगीत) ऐकतोय, हल्ली स्कोअर (लिहिलेल्या नोट्सची पानं) समोर ठेवून ऐकायची सवय लागलीये. बाखचं पान बघितलं की नुसत्या काळ्या नोट्सच नोट्स, आणि हँडेलचं पान अर्धं रिकामं. मग बाख भारी आणि हँडेल सोपा असंच ना? शिवाय हँडेलच्या ‘मसाया’ची (गायक, कोरस आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना) दोन रेकॉर्डिंग्ज आहेत माझ्याकडे, एकात प्रचंड कोरस आणि दुसऱ्यात जेमतेम वीसजण. यातलं खरं कुठलं?

उत्तर : पानावरून तुलना केलीत ना, तिथेच घोळ झाला. दोघंही १६८५चे, दोघंही जर्मन, आयुष्यात एकदाही भेटले नाहीत ते सोडा, पण कामाची जागा अगदी वेगळी. हँडेल लंडनमध्ये ऑपेरा लिहायचा तो सेनेसिनोसारख्या इटालियन स्टार गायकांसाठी, आणि त्यांना सगळं लिहून दिलं असतं तर तो त्यांना अपमानच वाटला असता. त्याच्या ‘रिनाल्दो’ (१७११) या ऑपेरामधलं ‘लाश्या क्यो प्यांगा’ हे गाणं ऐका. साधी चाल, दोन शब्द झाले की थांबा, परत दोन शब्द, परत थांबा, कुणीही गुणगुणेल असं. पण याची रचना अशी की पहिला भाग, मग दुसरा, मग पहिला परत, आणि हा परतीचा भाग जसाच्या तसा गायचाच नसतो, तिथे गायकाने स्वतःच्या हरकती-मुरक्या घालायच्या. म्हणजे तुम्हाला जे रिकामं दिसतंय ती गायकासाठी ठेवलेली जागा आहे.

आता याच्या शेजारी बाखच्या ‘इटालियन कॉन्चेर्तो’ या एकट्या कीबोर्डसाठीच्या रचनेची (१७३५) मधली मूव्हमेंट, म्हणजे मधला भाग, ठेवा. डावा हात एकाच चालीत शांतपणे चाललेला, आणि वर उजव्या हाताची लांबच लांब वळणं घेत जाणारी रेघ. ही वळणं एखाद्या इटालियन व्हायोलिनवाल्याने उत्स्फूर्त घेतली असती, बाखने ती एकेक नोट करून लिहून टाकली. त्याच्या काळात यावर तक्रारही झाली होती, १७३७ मध्ये शाइबे नावाच्या समीक्षकाने छापून टाकलं की हा माणूस वादकाने घालायची प्रत्येक छोटी हरकतसुद्धा स्वतःच लिहितो. मला तर शाइबेची थोडी गंमत वाटते, कारण त्याला जो दोष वाटला त्याच्यामुळेच आज आपल्याला कळतं की त्या काळी हरकती साधारण कशा घेत असतील.

तेव्हा कोण मोठा ते राहू दे, पण हँडेलचं छापलेलं पान आणि बाखचं छापलेलं पान ही तुलनाच बरोबरीची नाही.

कोरसचं म्हणाल तर छोटं रेकॉर्डिंग हँडेलच्या जास्त जवळचं. १७५४ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात ‘मसाया’ झाला त्याचा हिशेब शिल्लक आहे, गायक-वादक सगळे मिळून साठच्या आसपास. अवाढव्य प्रकार सुरू झाला तो हँडेल गेल्यावर, १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत पाचशेहून जास्त लोक बसवले तेव्हा. बाखचं तर अजून वेगळं, १७३० मध्ये त्याने लाइपझिगच्या नगरपालिकेला लिहून दिलं होतं की कॉयरला (चर्चच्या गायकवृंदाला) कमीत कमी १२ गायक हवेत, १६ असले तर उत्तम. यावरून १९८१ पासून भांडणं चालू आहेत, कारण जोशुआ रिफकिन या संगीत-अभ्यासकाचं म्हणणं की प्रत्यक्षात कॉयरमधल्या प्रत्येक आवाजाच्या ओळीला (सोप्रानो, आल्टो वगैरे) एकच गायक असायचा. मला स्वतःला ते एकेकट्या आवाजातलं आवडतं, शब्द स्वच्छ ऐकू येतात, पण मोठा कॉयर ऐकून अंगावर काटा आला तर त्यात लाज वाटायचं कारण नाही.

आणि एक, हँडेलच्या अरियाचा (ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्याचा) पहिला भाग परत आल्यावर गायक पहिल्यासारखाच गात असेल तर सरळ दुसरं रेकॉर्डिंग शोधा.

प्रश्न : बरोक रेकॉर्डिंगबरोबर कीबोर्ड वाजवायला बसलो की सूर जुळतच नाही. कीबोर्ड बिघडलाय का?

उत्तर : नाही हो. हल्ली बरोक वाजवणारे बहुतेक वेळा ‘ए’ हा सूर ४१५ हर्ट्झला लावतात, तुमचा कीबोर्ड ४४० ला आहे, म्हणजे अर्ध्या सुराचा फरक. ४१५ हीसुद्धा आजची सोय आहे, तेव्हा गावागावाची पट्टी वेगळी असायची आणि जर्मनीतले बरेच चर्च ऑर्गन तर ४४० च्याही वर लावलेले होते. कीबोर्डवरचं ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) उणे एक करा, जुळेल.