मानेचं भाडं जादा!

प्रश्न : पहिलीच्या वर्गात प्राण्यांच्या विनोदी कविता वाचून दाखवते, पण मुलं नुसती बघत राहतात. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा गंमत समजावून सांगण्यात. या चार ओळी पाहा :

उंट बसला रिक्षात,
मान राहिली रस्त्यात.
रिक्षावाला म्हणे, "दादा,
मानेचं भाडं जादा!"

आधी मिनिटभर उंटाचं चित्र दाखवा, फक्त मानेकडे लक्ष वेधा. खरा उंट डोळ्यांसमोर नसेल तर रिक्षातल्या उंटाचं हसू येणार कसं? मग अर्थ न सांगता दोनदा म्हणा. 'मान मावली नाही म्हणून बाहेर राहिली' असं तुम्हीच सांगितलंत, तर मुलांना शोधायला काही उरत नाही. तिसऱ्यांदा 'जादा'च्या आधी थांबा आणि मनात दोन आकडे मोजा. इथे घाई होते, शब्द आपल्याच तोंडून निघून जातो. थांबायचं ते यमकाच्या शब्दाआधीच. भलतीकडे थांबलात तर ठेका मोडतो आणि मुलांना शब्द ओळखता येत नाही. ठेक्यासाठी ओळीला चार टाळ्या : उंट, बसला, रिक्, षात.

एकच कविता आठवडाभर, रोज सात-आठ मिनिटं घ्या. शेवट पाठ झाला की मुलं त्याची वाट बघत हसतात. मग प्राणी बदलायला सांगा. 'माकड बसलं रिक्षात, शेपूट राहिलं रस्त्यात.' 'हत्ती बसला, सोंड राहिली.' 'म्हैस बसली, शिंगं राहिली.' बसला, बसली, बसलं हे व्याकरण मुलं इथे कानानं पकडतात. चुकलं तर शेजारचंच मूल दुरुस्त करतं. सिंधुदुर्गातलं मूल 'कुत्रो बसलो' म्हणालं तर तेही फळ्यावर लिहा, मालवणीत ते बरोबरच आहे. 'उंट कशात बसला?' असे प्रश्न वहीत उतरवून घेऊ नका. तेवढ्यानं कविता मरते.

प्रश्न : अभिनय करायला लावला की चाळीस मुलं आरडाओरडा करतात. कसं आवरायचं?

उत्तर : सगळ्यांना एकाच वेळी मोकळं सोडू नका. अर्ध्यांनी पहिल्या दोन ओळी म्हणायच्या, अर्ध्यांनी रिक्षावाला व्हायचं. हालचाल जागेवरच, कमरेच्या वरची. शेवटची फेरी नेहमी कुजबुजत घ्या. 'गप्प बसा' न म्हणताच वर्ग शांत होतो.

प्रश्न : हत्तीची कविता झाल्यावर वर्गातल्या एका जाड मुलाला 'हत्ती' नाव पडलं. आता काय करावं?

उत्तर : ती कविता काही आठवडे बाजूला ठेवा, पण त्याचं कारण वर्गात सांगू नका, त्यानं नाव आणखी चिकटतं. चिडवणाऱ्यांशी एकेकट्याला बाजूला घेऊन बोला, त्या मुलाशीही वेगळं बोला. यापुढे कुठलाही प्राणी एका मुलाला वाटून देऊ नका, सगळ्यांनी सगळे प्राणी व्हायचं. कविता निवडतानाही पाहा : प्राणी अडचणीत सापडला म्हणून हसू येतं, की तो जाड, काळा किंवा कुरूप आहे म्हणून? दुसऱ्या प्रकारची कविता वर्गात आणूच नका, यमक कितीही सुंदर असो.