लेकीच्या ग्लुटेन-फ्री खर्चासाठी एसआयपी बंद करावी का?

प्रश्न: आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) निघाला आहे. आम्ही ऐरोलीत राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 78,000, घराचा हप्ता 26,000. ग्लुटेन-फ्री सामानाचं बिल महिन्याला 7,400 वर गेलंय: तयार पीठ 10 किलो 2,600, ब्रेड-बिस्किटं-नूडल्स 3,200, ओट्स, मुसली, केक मिक्स 1,600. सासूबाई म्हणतात, घरात सगळ्यांनीच गहू सोडू या. 5,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) बंद करून हा खर्च भागवावा का? घरघंटी 18,000 ची नवी, हप्त्यावर घ्यावी की 7,000 ची वापरलेली?

उत्तर: ताई, एसआयपी चालू ठेवा. आजारपणात दोन-तीन महिने हप्ते थांबवले तर मी काही म्हटलं नसतं. पण सिलिअ‍ॅकचं पथ्य जन्मभराचं असतं, त्यामुळे एकदा बंद केलेली एसआयपी पुन्हा सुरू व्हायची नाही. मुलगी अठराची होईपर्यंत दरमहा 5,000 भरलेत आणि वर्षाला 10 टक्के परतावा धरला (बाजारात हमी कुणी देत नाही), तर साधारण 8.7 लाख होतात. शिक्षणाचे हे पैसे बिस्किटांच्या पुड्यांत घालवू नका.

खरी गळती तुमच्या बिलातच आहे. दहा किलो तयार पीठ एकट्या मुलीला लागत नाही, तुम्ही ते घरभर वापरताय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत मुळातच ग्लुटेन नसतं. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच ठेवा: भात-वरण, भाकरी, घावन. बाकीच्यांची पोळी मात्र वेगळ्या पोळपाट-लाटण्यावर, वेगळ्या तव्यावर. सासूबाईंचा सल्ला मायेचा आहे, पण आत्ता नको. आई-वडील आणि भावंडांचीही या आजारासाठी रक्ततपासणी करायला सांगतात, आणि गहू आधीच सोडला असेल तर आजार असूनही अहवाल चुकीने निगेटिव्ह येऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारून तुमची तपासणी उरकून घ्या.

आता घरघंटी. बाहेरच्या गिरणीत गव्हाच्या दळणामागून ज्वारी दळली की ते पीठ तिच्यासाठी बाद. म्हणूनच वापरलेली घरघंटीही नको. आधीच्या घरात तिच्यात गहूच दळला गेला असणार, आणि जाळीच्या कडेला, दळणाच्या कप्प्यात बसलेलं पीठ कितीही झटकलं तरी पूर्ण निघेल याची खात्री नाही. इथे 11,000 वाचवणं महागात पडेल.

नवी घेतलीत तर हिशेब असा. ज्वारी 6, तांदूळ 4, नाचणी 2 किलो. सरसकट 60 रुपये किलो धरले तरी 720. विजेचा खर्च किरकोळ. एक एचपीची मोटर तासाला पाऊण-एक युनिट घेते. तयार पिठाच्या तुलनेत महिन्याला सुमारे 1,880 वाचतील, म्हणजे दहाएक महिन्यांत घरघंटी वसूल. पैसे बचत खात्यातून द्या. ‘विनाव्याज’ हप्त्यात अनेकदा रोखीची सूट जाते आणि प्रक्रिया शुल्क वर लागतं.

पण लगेच दुकान गाठू नका. महिनाभर इडली, डोसे, आंबोळी यांवर काढा, तांदूळ-डाळ भिजवून मिक्सरमध्येच वाटता येतात. सोबत ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलेलं ज्वारीचं पीठ एखादा किलो आणून भाकरी देऊन बघा. नऊ वर्षांच्या पोरीने भाकरीकडे बघून तोंड फिरवलं, तर 18,000 चं यंत्र बाल्कनीत कपडे वाळत घालायला उरेल. तिला रुचली, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी आली की वाशीच्या धान्य बाजारात भाव विचारा. शेजारच्या दोन घरांनी मिळून पोतं घेतलं तर बरं पडतं. धान्य मात्र घरी नीट निवडा. ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

ब्रेड-बिस्किटांना महिना 1,500 ठेवा, पूर्ण बंद करू नका. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की तिच्याही डब्यात काहीतरी हवंच. पाकिटावर ‘गहू नाही’ एवढं लिहिलेलं पुरत नाही, जवाचा माल्ट असू शकतो. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री म्हणून विकायचं तर ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं, तेव्हा तोच शब्द शोधा. ओट्स-मुसलीचे 1,600 कापून टाका, पोहे आणि राजगिऱ्याच्या लाह्या आहेत की. एक पैसा वाचवू नका तो हिंगात: बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, म्हणून तांदळाच्या पिठातला, तसं छापलेला घ्या. हिंग-मसाले धरून 300 लागतील. सगळं मिळून महिना 2,500 च्या आसपास. एसआयपी मोडून जे 5,000 हाती येणार होते, जवळपास तेवढेच इथे सुटतात.

त्यातले काही आहारतज्ज्ञांची फी आणि तिच्या पुढच्या रक्ततपासण्यांसाठी बाजूला काढा. नेहमीच्या विम्यात ही बिलं सहसा बसत नाहीत. आणि तिच्यासाठी स्वतंत्र आरोग्य विमा घ्याल तेव्हा प्रस्ताव अर्जात सिलिअ‍ॅक लिहा, एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी. 2024 च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. लपवलंत तर दावा नाकारला जाऊ शकतो.