पानांचा चहा कडू का होतो?

प्रश्न: सुट्या पानांचा कोरा चहा पाण्यात घालून पाच-सात मिनिटं उकळते. तो कडूजहर होतो. पत्ती कमी केली तर नुसतं रंगीत पाणी लागतं. काय चुकतंय?

उत्तर: उकळणं चुकतंय. हा चहा झाकण ठेवून मुरवायचा असतो. सुगंध आणि किंचित गोडवा सुरुवातीलाच पाण्यात उतरतो, तुरटपणा मात्र मागाहून उतरतच राहतो. उकळत ठेवला की सुगंध वाफेबरोबर जातो आणि तुरटपणा तेवढा उरतो. म्हणून चहा फिका वाटला तर पानं वाढवा, वेळ नव्हे.

२०० मिली पाण्याला २ ते २.५ ग्रॅम पानं घ्या. चमच्याच्या मापावर विसंबू नका; बारीक पत्ती एका चमच्यात अडीच ग्रॅमपर्यंत बसते, लांब अखंड पानं जेमतेम एक ग्रॅम. छोटा वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला. किटली आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर गार चिनी माती पाण्याची धग खाऊन टाकते. खळखळून उकळी आली की लगेच पाणी पानांवर ओता. तीन मिनिटांनी चव पाहा, मग दर अर्ध्या मिनिटाने. पाचाच्या पुढे जाऊ नका. आणि जमला की सगळाच्या सगळा गाळून घ्या. एक कप ओतून बाकीचा पानांवरच ठेवला, तर दुसरा कप कडू होणारच! गाळणीतली पानं चमच्याने दाबून शेवटचा थेंब काढायचा मोहही टाळा.

प्रश्न: ग्रीन टीला हीच रीत चालेल का? घरात थर्मामीटर नाही.

उत्तर: नाही चालणार. त्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. उकळत्या पाण्यात तो पालेभाजीसारखा शिजतो. थर्मामीटरवाचून सोपा हिशेब: १५० मिली उकळतं पाणी आणि ५० मिली साधं पाणी मिसळलं की ८० अंशांच्या आसपास येतं. आधी पाणी मिसळा, पानं नंतर. चांगली पानं दुसऱ्यांदाही वापरता येतात, फक्त ती तासन्‌तास ओली ठेवू नका.

प्रश्न: चहा निवताना वर तेलकट तवंग येतो आणि कपाला डाग पडतात. पत्तीत भेसळ असेल का?

उत्तर: बहुधा पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. त्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून हा पापुद्रा धरतो. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो का ते बघा. तीच पत्ती एकदा क्षार कमी केलेल्या पाण्यात करून पाहा. तवंग गेला तर पत्ती निर्दोष. लिंबाचे दोन थेंबही तवंग घालवतात, रंग मात्र फिका होतो. तो आम्लामुळे, चहा पातळ झालेला नसतो. अगदी क्षारविरहित डिस्टिल्ड पाणीही नको, चहा बेचव लागतो.

प्रश्न: पत्ती भरून कपात सोडायचा साखळीचा जाळीदार गोळा वापरावा का?

उत्तर: बारीक पत्तीला चालेल, तोही अर्धाच भरून. अखंड पानं भिजून उलगडतात. गोळ्यात ती कोंबली जातात आणि मधल्यांपर्यंत पाणी धड पोचत नाही. त्यापेक्षा कपात जवळजवळ तळापर्यंत जाणारी रुंद, खोल गाळणी घ्या.