मुंबईत नर्सरीसाठी काचेचं ग्रीनहाऊस बांधावं की पॉलिहाऊस?

तुम्ही लिहिलंय की गोराईला घरची चार गुंठे जागा आहे, तिथे मॉन्स्टेरा, अ‍ॅग्लोनिमा, कॅलेथिया, अँथुरियम अशी शोभेची झाडं वाढवून विकायचीत, आणि काच घ्यावी की प्लास्टिक यावर गाडी अडलीय.

दोन्ही नको. बोरिवलीत आमची छोटी नर्सरी आहे आणि हे पैसे मी एकदा घालवून बसलोय, म्हणून सांगतो.

बंद ग्रीनहाऊस ही थंड मुलखातली सोय. ऊन आत येतं, तापलेली हवा आतच कोंडून राहते, रात्री झाड गारठत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १६-१७ वर आला की माणसं स्वेटर शोधतात, मॉन्स्टेराला त्याचं काही नसतं. मुंबईत झाडाला गोधडी नको, छत्री हवी.

माझा पहिला सांगाडा फोटो बघून उभा केलेला. चारी बाजूंनी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, वर दोन झरोके. बाजूचे पडदे गुंडाळायची सोय बांधणाऱ्याने ‘नंतर करू’ म्हणून टाळली, मीही मान डोलावली. ऑक्टोबरात दुपारी दोनला बाहेर ३५ अंश, आत ४४. अँथुरियमची पानं उकडलेल्या अळूसारखी लोंबत होती (दोन्ही एकाच कुळातली, तेव्हा उपमा अगदीच वावगी नाही). आमचे माळीमामा आत गेले, दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाले, “दादा, पापड घाला वाळत.” पुढे १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला, आणि ते प्लास्टिक शिडासारखं फुगून फाटलं. शेजारची साधी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, दोन क्लिपा सुटण्यावर वाचली. जाळीतून वारा निघून जातो.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. बाजूंना दहा-बारा फूट उंची, मधे पंधरा. कडेला भिंत नाही, नुसती जाळी. वर ७५ टक्के सावलीची शेडनेट, पण ती ठोकून बसवलेली नाही, तारेवर पडद्यासारखी सरकते. हे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये ७५ टक्के लागतेच, पण जुलैत आठ-आठ दिवस आभाळ दाटून असतं, तेव्हा तीच जाळी ठेवली तर झाडं उजेडासाठी लांबुळकी होतात, देठ लुळे पडतात. जाळी पांढरी किंवा काळी घ्या. हिरवी दिसायला छान, पण झाडाच्या कामाचा लाल-निळा उजेडच ती जास्त अडवते. उत्तरेची बाजूही मोकळी सोडू नका. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो.

पावसाळ्यापुरतं जाळीच्या वर प्लास्टिक येतं, जूनच्या आधी चढवायचं, सप्टेंबरनंतर उतरवायचं. उतार सढळ द्या. उतार कमी पडला की प्लास्टिकला पोट सुटतं, आणि एक मीटर लांब-रुंद, दहा सेंटीमीटर खोल डबकं म्हणजे १०० किलो वजन. रात्री तीनला काठीने ते पोट ढोसत उभा राहिलोय मी.

गोराईत तुमचा खरा शत्रू खारा वारा. पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) घ्या, आणि जिथे कापाल किंवा वेल्डिंग कराल तिथे लगेच झिंकचा रंग मारा. गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. खांब काँक्रीटमध्ये रोवण्याआधी सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे) नियम आणि महापालिकेची परवानगी बघून घ्या.

हवा गार करायला पंखा आणि ओल्या पॅडची सिस्टिम कोणी गळ्यात मारू पाहील. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती हवा दहा-बारा अंश उतरवते. इथे ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणात जेमतेम चार, वर विजेचं बिल. त्या पैशांत कुंड्यांसाठी लोखंडी मांडण्या करा, अडीच फूट उंच, खाली खडी.

कुंडीत भरायच्या मिश्रणाबद्दल विचारलं नाहीत, पण पावसाळ्यात निम्मी झाडं त्यानेच जातात. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओल धरून बसतं आणि मुळं कुजतात. आम्ही त्यात कोळसा, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालतो. कुंडी पाणी घातल्यावर लगेच निथळली पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. तलावांतून येणारं पालिकेचं पाणी क्षारांना हलकं असतं. टँकर किंवा बोअरचं असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा, खारं पाणी कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपवतं.

पहिल्या वर्षी एकाच गुंठ्यावर छत घाला, एक पावसाळा बघा, मग पुढचं. आणि पहिली सर पडली की टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली तयार ठेवा. आफ्रिकन गोगलगायी रात्री नऊनंतर निघतात, त्या वेचून बादलीत टाकायच्या, कारण अँथुरियमचं कोवळं पान त्यांना फार आवडतं.