‘अ’ तुकडीत गेल्यावर मुलगी अभ्यासातून का उठते?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक आठवीपर्यंत गावच्या शाळेत पहिल्या तिघांत असायची. नववीला तालुक्याच्या नावाजलेल्या शाळेत घातली, ‘अ’ तुकडी मिळाली, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) घेतलं, आणि दिवाळीनंतर ती वही उघडायलाही तयार नाही. घरचे म्हणतात आळशी झाली, मोबाईलनं वाया गेली. शाळा बदलू का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी नववी-दहावीला गणित शिकवत आलोय, ‘अ’ला आणि ‘ड’लाही. मला यात आळस दिसत नाही. मुलगी तीच आहे, भोवतालचा वर्ग बदललाय.

आपण किती हुशार, हे मुलं गुणपत्रिकेपेक्षा शेजारच्या बाकाकडे बघून ठरवतात. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं. २००३ साली त्यानं आणि एका सहकाऱ्यानं २६ देशांतल्या, साधारण १५ वर्षांच्या लाखाहून अधिक मुलांची माहिती तपासली. जवळपास सगळीकडे एकच दिसलं: कुवत सारखी असली, तरी निवडक हुशार मुलांच्या शाळेत बसणाऱ्या मुलाचा स्वतःच्या अभ्यासावरचा भरवसा कमी असतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे आपण टोमणा म्हणून म्हणतो. पण चौदाव्या वर्षी त्याच शहाणपणाच्या जोरावर पोरगी रात्री प्रमेय घेऊन बसते. ते गेलं की बसायचं कशासाठी?

त्यात तुमच्याकडे सेमी. आठवीपर्यंत मराठीतून गणित केलेलं पोर नववीला ‘पॉलिनॉमिअल्स’चा धडा उघडतं तेव्हा अर्धा तास शब्दांतच जातो. शेजारचीनं पाचवीपासून इंग्रजीतून गणित केलंय, म्हणून तिला हीच बहुपदी सोपी वाटते, आणि आपली समजते की मला गणितच येत नाही. ही अडचण तात्पुरती असते, पण तसं तिला कुणीतरी सांगावं लागतं. संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी करून वहीच्या मागच्या पानावर चिकटवा. मराठी माध्यमाचं पुस्तकही शेजारी असू द्या.

शाळेत शिकवणारा कोण, हेही बघा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मिजली, फेल्डलॉफर आणि एकल्स या संशोधकांनी प्राथमिकमधून वरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा गणितापुरता मागोवा घेतला होता (१९८९). ‘मी शिकवलं तर मुलांना येईल’ असं मानणाऱ्या शिक्षकाकडून तसं न मानणाऱ्याकडे गेलेल्या मुलांच्या स्वतःकडूनच्या अपेक्षा घसरल्या. कच्च्या मुलांना याचा फटका जास्त बसला. स्टाफरूममध्ये ‘यांचं काही होणार नाही’ म्हणणारे आमच्यात आहेत, नाही असं नाही. आणि मुलांना ते वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या कळतं.

इमारत, स्मार्ट बोर्ड, गणवेश यांचा मला फारसा फरक दिसलेला नाही. हां, साठ-सत्तर पोरांचा वर्ग, बंद पंखा आणि मुलींना जाववणार नाही असं स्वच्छतागृह, एवढं मात्र तपासा. दिवसभर पाणी न पिणारी मुलगी शेवटच्या तासाला काय शिकणार?

आता घराकडे येतो, कारण तेही वातावरणच. चाचणीचा पेपर हातात पडला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘हायेस्ट कितीला आहे?’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी तिच्या मागच्या पेपरशेजारी हा पेपर ठेवा आणि कुठली चूक पुन्हा झाली, कुठली गेली, ते तिलाच शोधू द्या. क्लासवाले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचे गुण उतरत्या क्रमानं टाकत असतील, तर फोन करून तिचं नाव त्यातून काढायला सांगा. न ऐकणारा क्लास सोडलेला बरा.

‘९० टक्के आण, मोबाईल परत देते’ हेही नको. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मध्येच काहींना पैसे दिले, मग बंद केले. पैसे घेतलेल्यांचा मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळण्यातला रस कमी झाला. तिचा अभ्यासातला रस आधीच कमी आहे, त्यावर भाव कशाला लावायचा? मोबाईलची वेळ ठरवा, पण ती गुणांशी बांधू नका. कुठला विषय आधी, पहाटे की रात्री, हे तिच्यावर सोडा.

शाळा लगेच बदलू नका. वर्षाच्या मध्यात हलवलं की ‘मी नापास झाले म्हणून काढलं’ एवढंच तिच्या डोक्यात राहतं, आणि दहावीत बदल करणं कटकटीचं. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मुलीला बाहेर बसवून. गुणांबद्दल विचारू नका. विचारा की ती वर्गात कुणाशी बोलते, डबा कुणासोबत खाते, शेवटचा प्रश्न तिनं कधी विचारला. उत्तर द्यायला त्यांना आठवावं लागलं, तर तुमची अडचण तिथं आहे. मग प्रयोगशाळा, वक्तृत्व, खो-खो, जिथं ती पूर्वी पुढं असायची असं एखादं काम तिला द्यायला सांगा.

एवढं करूनही मार्चपर्यंत फरक पडला नाही, तर ‘ब’ तुकडी मागा. आमच्याकडे पालक हे ऐकून दचकतात. पण ‘ब’मध्ये पहिल्या पाचांत बसलेली मुलं दहावीला ‘अ’च्या शेवटच्या बाकांपेक्षा पुढं गेलेली मी पाहिलीत. फक्त ते तिला विचारून करा, आणि जूनमध्ये, सगळ्यांच्या तुकड्या बदलतात तेव्हा.